एकच विप्रो, दोन आरएसआय

वैशाख महिना, अमळनेर. सकाळी सव्वादहालाच लाईट गेली आणि दहा पस्तीसला आली. लॅपटॉप बॅटरीवर तग धरून होता, पण राउटर बंद पडल्यावर सॉफ्टवेअरही अडकलं. मी सगळं परत चालू केलं आणि विप्रोचा पाच मिनिटांचा चार्ट लावला. शेजारी मावसभाऊ बसलेला, पारोळ्याहून आला होता. त्याचा लॅपटॉप मोबाईलच्या नेटवर, त्यामुळे त्याला लाईटीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्याही समोर विप्रो, पाच मिनिटंच. दहा चाळीसला आम्ही एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावलो. त्याचा आरएसआय (भाव किती जोराने चढतोय-उतरतोय हे शून्य ते शंभरात सांगणारा आकडा) २९, माझा ३८. भाव मात्र दोघांकडे पैशापैशाने सारखा.

"तुन्हं नेट बेकार शे," तो म्हणाला.

नेट बेकार होतंच, त्यात वाद नाही. पण भाव सारखा आणि त्याच भावावरून काढलेला आरएसआय वेगळा, हे नेट हळू असल्यामुळे होत नाही. आणि फरक किरकोळ नव्हता. आरएसआय तिसाच्या खाली गेला की बरेच लोक "शेअर फार पडला, आता उसळेल" असं समजून खरेदी करतात. म्हणजे त्याची स्क्रीन "घे" म्हणत होती आणि माझी "थांब". शेअर एकच, वेळ एकच, खोली एकच.

त्या दिवसापासून चार्टच्या अशा खोड्या मी वहीत लिहून ठेवतो. हा लेख त्याच वहीतून काढला आहे.

उताऱ्यावर कापूस, शेतात केळी

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सातबारा आणि शेत यांतला फरक सांगावा लागत नाही. उताऱ्यावर कापूस असतो आणि प्रत्यक्षात केळी उभी असते. उतारा खोटा असतो असं नाही, पण तो कोणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी पद्धतीने लिहिलेला असतो. चार्टचं तेच आहे. सौदे होतात मुंबईत एक्स्चेंजच्या संगणकावर. तिथून भाव प्रसारित होतात, डेटा विकणाऱ्या कंपनीकडे किंवा ब्रोकरच्या सर्व्हरवर येतात, तिथून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मग सॉफ्टवेअर त्या आकड्यांच्या कँडल बांधतं, म्हणजे ठरावीक वेळेतला पहिला, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि शेवटचा भाव दाखवणाऱ्या खुणा. प्रत्येक टप्प्यावर नक्कल होते, आणि प्रत्येक नक्कल करणाऱ्याची लिहायची तऱ्हा वेगळी.

पहिली गळती होते ती सौदे मोजण्यात. चालत्या शेअरमध्ये एका सेकंदात कितीतरी सौदे होतात. हे सगळेच्या सगळे टिपणारा डेटा असतो, पण तो महाग आणि अवजड. आपल्यासारख्यांच्या सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा मिळतात ती थोड्या थोड्या अंतराने काढलेली छायाचित्रं: आत्ता भाव काय, आतापर्यंत किती माल विकला गेला. दोन फोटोंच्या मधलं जे घडलं ते घडलं. समजा एका सेकंदात भाव २५१ वरून २५१.४० ला गेला, तिथून २५०.८५ ला आला आणि २५१.०५ वर थांबला. फोटो निघाले २५१ ला आणि २५१.०५ ला. माझ्या कँडलला वरची २५१.४० ची शेंडी नाही आणि खालची २५०.८५ ची शेपटीही नाही. शेजाऱ्याच्या सॉफ्टवेअरने फोटो जरा वेगळ्या क्षणी काढला, तर त्याच्याकडे शेंडी आहे.

"माझा स्टॉपलॉस लागला, पण चार्टवर तो भाव आलाच नाही, ब्रोकरने फसवलं," ही तक्रार चहाच्या टपरीवर मी निदान वीस वेळा ऐकली असेल. त्यातल्या बऱ्याच वेळा कारण हेच असतं. स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर, लागतो तो एक्स्चेंजवर, खऱ्या सौद्यावर. तुमच्या चार्टने तो सौदा पाहिला की नाही, याची एक्स्चेंजला फिकीर नाही. दुसरं कारण त्याहून साधं असतं: ऑर्डर बीएसईवर आणि चार्ट एनएसईचा, म्हणजे बाजारच दोन. दोन्हीकडचे भाव जवळजवळ चालतात, पण "जवळजवळ" म्हणजे "तेच" नव्हे. भांडायला जायचंच असेल तर चार्टचा स्क्रीनशॉट घेऊन जाऊ नका. कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारी सौद्याची पावती) काढा, त्यावरचा सौदा क्रमांक आणि वेळ पाहा. आपला सौदा खरंच झाला का, कितीला झाला, हे पडताळायची सोय एनएसईच्या संकेतस्थळावर आहे. आपण ती वापरत नाही, एवढंच.

लाईट जाऊन आल्यावर जे होतं ते याच गळतीचं थोरलं रूप. मधल्या वीस मिनिटांच्या कँडल तुमच्याकडे नसतात. चांगलं सॉफ्टवेअर जोडणी परत आल्यावर मागचे आकडे मागवून भोक बुजवतं, याला बॅकफिल म्हणतात. साधं सॉफ्टवेअर दोन टोकं रेषेने जोडून देतं आणि तुम्हाला वाटतं, बाजार शांत होता.

आरएसआयचं विरजण

आता विप्रोकडे येतो. अमेरिकेच्या वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये आरएसआय मांडला. गेल्या चौदा कँडलमध्ये सरासरी चढ किती आणि सरासरी उतार किती, यांच्या तुलनेतून तो निघतो. यात एक गोम आहे. ही सरासरी साधी नाही. पहिल्यांदा चौदा बदलांची साधी सरासरी घ्यायची, आणि पुढे प्रत्येक नव्या कँडलला जुन्या सरासरीचे तेरा भाग आणि नव्या बदलाचा एक भाग मिसळायचा.

आई दह्याला विरजण लावते तसं. आजचं दही कालच्या दह्यातून, कालचं परवाच्या. पण ही साखळी कुठेतरी सुरू व्हायला हवी. पहिलं विरजण शेजारून आणलेलं. ते आंबट असेल तर पहिले काही दिवस तुमचंही दही आंबट. हळूहळू शेजारच्या विरजणाचा गुण जातो आणि दही तुमच्या घरचं होतं.

त्या दिवशी माझं सॉफ्टवेअर नुकतंच उघडलं होतं आणि त्याने फक्त त्याच दिवसाच्या कँडल आणल्या होत्या. सव्वानऊ ते दहा चाळीस म्हणजे पाच मिनिटांच्या सतरा कँडल. चौदा बदल मोजायला पंधरा बंद भाव लागतात, त्यामुळे आरएसआयचा पहिला आकडा पंधराव्या कँडलला निघाला. त्यानंतर जेमतेम दोनदा मिसळण झालेली. म्हणजे माझ्या ३८ मध्ये ८५ टक्क्यांहून जास्त अंश पहिल्या विरजणाचा होता. मावसभावाच्या लॅपटॉपवर मागच्या दोन महिन्यांच्या कँडल होत्या, त्याचं दही केव्हाच घरचं झालेलं. गंमत म्हणजे तीन वाजेपर्यंत दोघांचा फरक दशांशावर आला. कोणी काही दुरुस्त केलं नाही, विरजणाचा गुण आपोआप गेला.

हीच गोष्ट २०० दिवसांच्या ईएमएमध्ये (नव्या भावाला जास्त वजन देणाऱ्या सरासरीत) जास्त नडते, कारण त्याचं विरजण फार चिवट. सॉफ्टवेअरने पहिल्याच बंद भावापासून साखळी सुरू केली आणि त्याला २०० दिवसांचेच आकडे दिले, तर दोनशेव्या दिवशीही त्या पहिल्या भावाचा १३ टक्क्यांहून जास्त अंश शिल्लक असतो. ६०० दिवसांचे आकडे दिले तर तो पाव टक्क्यावर येतो. म्हणून दोन ब्रोकरांच्या चार्टवर "२०० ईएमए" दोन जागी दिसला, तर आधी चार्ट मागे ओढून पाहा, कोणाकडे किती जुना इतिहास आहे ते. शिवाय काही सॉफ्टवेअर आरएसआयला वाइल्डरची मिसळण न वापरता साधी सरासरी वापरतात. नाव तेच, पदार्थ वेगळा. सेटिंगमध्ये जाऊन बघितल्याशिवाय हे कळत नाही, आणि सेटिंगमध्ये कोण जातं?

पावणेसात तास नाही, सव्वासहा

आपला शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. हे झाले ३७५ मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. याला तासाने भागा. सहा पूर्ण कँडल निघतात आणि शेवटी पंधरा मिनिटांचं शेपूट उरतं, सव्वातीन ते साडेतीन. चार्टवर मात्र हे शेपूट बाकीच्या कँडलइतकंच रुंद दिसतं आणि इंडिकेटर (आरएसआयसारखं भावावरून काढलेलं मोजमाप) त्याला पूर्ण तासाचा मान देतो. काही परदेशी सॉफ्टवेअर घड्याळाच्या ठोक्याला कँडल कापतात: नऊ ते दहा, दहा ते अकरा. मग पहिली कँडल पाऊण तासाची आणि शेवटची अर्ध्या तासाची. दोन्हीकडे कँडल सातच, पण एकही एकमेकींशी जुळणार नाही. आपल्याकडे काही लोक ७५ मिनिटांचा चार्ट लावतात, तो शौक म्हणून नाही. ३७५ ला ७५ ने भागलं की बरोबर पाच कँडल पडतात. २५ ने भागलं तर पंधरा, १२५ ने तीन.

कँडलच्या नावातही घोळ आहे. कोणी तिला सुरुवातीच्या वेळेने ओळखतं, कोणी शेवटच्या. त्यामुळे फोनवर "नऊ वीसची कँडल बघ" म्हणणारा आणि बघणारा दोन वेगळ्या कँडल पाहत असू शकतात. आम्ही पाहिल्या आहेत, आणि अर्धा तास वादही घातला आहे.

आता बंद भाव. मिनिटाच्या चार्टवर शेवटचा सौदा २४८.९० ला दिसतो आणि रोजच्या चार्टवर बंद भाव २४७.३५. नवशिक्याला हा डेटाचा बिघाड वाटतो. बाजार समितीच्या भावाची बातमी रोज वाचणाऱ्याला वाटू नये. पेपरात किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर छापतात. शेवटच्या ढिगाला काय भाव मिळाला हे कोणी छापत नाही, कारण शेवटचा ढीग कुणाचा, किती, भिजलेला की कोरडा, यावर सगळ्या बाजाराचा भाव ठरत नाही. एनएसईची वर्षानुवर्षांची रीतही तशीच: तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, मालाच्या प्रमाणात काढलेली सरासरी म्हणजे बंद भाव. दुसऱ्या दिवशीचा "टक्का वर, टक्का खाली" याच भावावरून मोजतात. हा बिघाड नाही, व्याख्या आहे. पण मिनिटाच्या आकड्यांवरून स्वतःच रोजची कँडल बांधणारी सॉफ्टवेअर शेवटच्या सौद्यालाच बंद भाव मानतात, आणि मग त्यांची आणि एक्स्चेंजच्या भावकॉपीची, म्हणजे रोजच्या अधिकृत भावयादीची, गाठ पडत नाही.

घड्याळाचा बांध कधीकधी बाजारच मोडतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचं कामकाज पावणेबाराच्या सुमारास तांत्रिक कारणाने थांबलं. ते पुन्हा सुरू झालं दुपारी पावणेचारला आणि पाचपर्यंत चाललं. मधल्या काळात बीएसई चालू होतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये "दिवस साडेतीनला संपतो" असं पक्कं बसवलं होतं, त्यांच्या दृष्टीने पावणेचार ते पाच हा सव्वा तास झालाच नाही. आजही जुना चार्ट उघडून त्या दिवसावर जा. कुठे भोक दिसेल, कुठे दोन टोकं चिकटवलेली दिसतील.

दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्याचंही असंच. तासाभराचं सत्र, हौशी खरेदी, माल थोडा. पण रोजच्या चार्टवर त्याची एक अख्खी कँडल, आणि वीस दिवसांच्या सरासरी व्हॉल्यूममध्ये (विकल्या गेलेल्या मालात) तिचं एक अख्खं मत. २०२५ मध्ये हे सत्र नेहमीसारखं संध्याकाळी न होता दुपारी पावणेदोन ते पावणेतीन झालं. संध्याकाळची वेळ गृहीत धरून बसलेल्यांची, माणसांची आणि प्रोग्रामचीही, पंचाईत झाली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून एनएसईवरच्या फ्युचर्सची (पुढच्या तारखेच्या करारांची) एक्स्पायरी, म्हणजे करार संपायचा दिवस, गुरुवारवरून मंगळवारी आली. "महिन्याचा शेवटचा गुरुवार" असं ज्यांनी कोडमध्ये कोरून ठेवलं होतं, त्यांचे फ्युचर्सचे जोडचार्ट (एकामागून एक करार जोडून काढलेले) बहुतेक महिन्यांत दोन दिवस मेलेल्या कराराचा भाव दाखवणार हे ठरलेलंच.

अमळनेरचा शेअर

आमच्या गावात हा विषय विप्रोशिवाय पुरा होत नाही. १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ही कंपनी सुरू झाली, पुढच्या वर्षी तिचे शेअर लोकांसाठी खुले झाले. गावातल्या जुन्या घरांत अजून लोक "बापाने घेतलेले शंभर" अशी सुरुवात करून गोष्ट सांगतात. आणि चार्ट उघडला की त्या बापाच्या काळातला भाव पैशांत दिसतो. "इतका स्वस्त होता?" नव्हता. तो भाव मागे जाऊन भागलेला आहे.

बोनस म्हणजे एका भाकरीचे दोन तुकडे. भाकरी वाढत नाही, तुकडे वाढतात, म्हणून प्रत्येक तुकड्याचा भाव तेवढा कमी होतो. ३ डिसेंबर २०२४ ला विप्रोचा एकाला एक बोनस लागू झाला आणि पावणेसहाशेच्या आगेमागे असलेला शेअर तीनशेच्या आत आला. चार्ट दुरुस्त केला नाही तर तिथे कडा कोसळल्यासारखी लाल कँडल दिसते. दुरुस्त करायचा म्हणजे त्या तारखेआधीचा प्रत्येक भाव दोनाने भागायचा आणि व्हॉल्यूम दोनाने गुणायचं.

एका बोनसचं हे झालं. विप्रोचे तर किती झाले. २०१० मध्ये तिनाला दोन, २०१७ मध्ये एकाला एक, २०१९ मध्ये तिनाला एक, २०२४ मध्ये पुन्हा एकाला एक. गुणाकार करा: पाच तृतीयांश गुणिले दोन, गुणिले चार तृतीयांश, गुणिले दोन. उत्तर ८० भागिले ९. म्हणजे २०१० च्या बोनसआधी शंभर शेअर असणाऱ्याकडे आज ८८४ असतील आणि वर दरवेळच्या अपूर्णांकाचे पैसे. उलट दिशेने, तेव्हा कोणी ७२० ला घेतलेला शेअर आजच्या दुरुस्त चार्टवर ८१ ला घेतल्यासारखा दिसतो. यातला एक बोनस जरी डेटा कंपनीकडून सुटला, तर त्या तारखेआधीचा सगळा इतिहास चुकीच्या उंचीवर. आणि २०१३ मध्ये विप्रोने आयटी सोडून बाकीचे धंदे वेगळे काढले. अशा विभागणीत किती टक्के भाव गेला हे बोनससारखं सरळ भागाकारात मिळत नाही, म्हणून कोणी दुरुस्ती करतं, कोणी नाही. लाभांशाचंही तेच: काही चार्ट लाभांशही वजा करतात, बरेच करत नाहीत.

बोनसनंतर आणखी एक बारीक गोष्ट तपासा. भाव अर्धे झाले तरी तुम्ही काढलेल्या रेषा आणि लावलेले अलार्म काही सॉफ्टवेअरमध्ये जुन्याच जागी राहतात. माझा ५८० चा अलार्म त्या डिसेंबरनंतर बरेच दिवस तसाच होता, गावात कुणी नसताना पहारा देणाऱ्या कुत्र्यासारखा.

नावं बदलली तरी इतिहास तुटतो. झोमॅटोचं बाजारातलं चिन्ह २०२५ मध्ये इटर्नल झालं. जुन्या चिन्हाचा डेटा नव्याला जोडला नसेल तर शेअर काल जन्मल्यासारखा दिसतो. जळगावच्या जैन इरिगेशनचं एनएसईवरचं चिन्ह तर "जेआयएसएलजेएएलईक्यूएस" असं दहा अक्षरांचं आहे, आणि कंपनीच्या डीव्हीआर (वेगळ्या मताधिकाराच्या) शेअरचं त्याच्याशी मिळतंजुळतं. शोधताना घाईत चुकीचं उघडून तासभर अभ्यास केलेले लोक मला माहीत आहेत. एक तर मीच.

आकडा खरा, पण भाव नव्हे

कधीकधी चार्टवर असा आकडा येतो की डोळे चोळावे लागतात. ३ जून २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये बर्कशायर हॅथवेचा लाखो डॉलरचा 'ए' शेअर एकदम १८५ डॉलरवर, म्हणजे जवळजवळ शंभर टक्के पडलेला दिसला. तांत्रिक बिघाड होता, त्या भावाचे सौदे रद्द झाले. याच शेअरने २०२१ मध्ये तिथल्याच नॅस्डॅक बाजाराची वेगळीच अडचण केली होती. भाव साठवायला ठेवलेल्या जागेत ४,२९,४९६ डॉलर आणि काही सेंटपेक्षा मोठा आकडा मावतच नव्हता, आणि शेअर तिथे पोचायला आला होता. पोत्यात मावेल तेवढंच धान्य भरता येतं, संगणकाचंही तसंच आहे.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०१२ ला चुकीच्या ऑर्डरींमुळे निफ्टी काही क्षणांत ९०० अंकांनी, १५ टक्क्यांहून जास्त कोसळली. तो बिघाड चार्टचा नव्हता, सौदे खरेच झाले होते. मग ती लांब शेपटी चार्टवर ठेवायची की पुसायची? ठेवली तर त्या महिन्याचा नीचांक खोटा वाटतो, पुसली तर इतिहास खोटा. मी ठेवणाऱ्यांच्या बाजूचा.

इल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या शेअरची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला ३.५३ रुपयांवरून २,३६,२५० रुपये. टक्केवारी काढली तर ६६,९२,५३५. बिघाड मुळीच नाही: खऱ्या किमतीच्या कितीतरी खाली अडकलेल्या शेअरचा भाव ठरवण्यासाठी खास लिलाव झाला. पण साध्या पट्टीच्या चार्टवर त्याआधीचा सगळा इतिहास तळाला चिकटलेली एक सरळ रेघ होऊन बसतो. अशा वेळी लॉग पट्टी लावावी, म्हणजे सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते.

आणि लॉग पट्टीलाही मर्यादा आहे. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव उणे ३७.६३ डॉलर झाला. आपल्या एमसीएक्स या वायदे बाजारात तेलाच्या कराराचा हिशेब शेवटी उणे २,८८४ रुपयांनी झाला. उणे भाव! लॉग पट्टीत शून्यच मावत नाही तर उणे कुठून मावणार. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा चार्ट लावून बसणाऱ्यांना एमसीएक्सची आणखी एक सवय माहीत असते. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना बाजार रात्री साडेअकराला बंद होतो, नसताना पाच मिनिटं कमी बाराला. म्हणजे सोन्याच्या रोजच्या कँडलचा "दिवस" वर्षातून दोनदा लांबीने बदलतो.

लहान आकड्यांची चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती साचते. कॅनडात व्हँकुव्हरच्या बाजाराने १९८२ मध्ये १,००० वरून निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने मोजायचा आणि तीन दशांशांपुढचं कापून टाकायचं. जवळच्या आकड्याला न्यायचं नाही, सरळ कापायचं. दिवसातून हजारो वेळा. बाजार ठीक चालला असताना निर्देशांक १९८३ च्या नोव्हेंबरात ५२४ वर आला. चूक सुधारली तेव्हा खरा आकडा निघाला १,०९८. काट्यावर दरवेळी वरचे चार दाणे झटकणाऱ्या हमालाकडून वर्षाकाठी किती पोती जातात, याचा हिशेब आपल्याकडे कोणालाही येतो.

गायब होणारे बाण

शेवटी मावसभावाचा बाण. त्याने मोबाईलवरच्या एका ग्रुपमधून पैसे भरून एक इंडिकेटर घेतला होता. हिरवा बाण आला की खरेदी, लाल आला की विक्री. मागचा चार्ट दाखवला तर डोळे दिपावेत: प्रत्येक तळाला हिरवा, प्रत्येक शेंड्याला लाल. एकही चुकलेला नाही. प्रत्यक्षात मात्र त्याचे पैसे जात होते.

एके दिवशी तो ओरडला, "आते आठे व्हता ना भो! कोठे गया बाण?"

बाण खरंच होता, मीही पाहिला होता. अशा इंडिकेटरला रिपेंट होणारा म्हणतात, केलेलं चित्र पुसून नवं काढणारा. कारण साधं असतं. पाच मिनिटांची कँडल चालू असताना तिचा बंद भाव ठरलेला नसतो, भाव वरखाली होत असतो. दुसऱ्या मिनिटाला अट पूर्ण झाली, बाण आला. चौथ्या मिनिटाला भाव फिरला, अट मोडली, बाण गेला. यात निदान लबाडी नाही. कँडल बंद होईपर्यंत थांबलं की हा प्रश्न सुटतो. पण काही इंडिकेटर त्याच्या पुढे जातात. झिगझॅग घ्या: तळ हा तळ होता हे त्यानंतर भाव ठरावीक टक्के वर गेल्यावरच कळतं. तेव्हा तो मागे जाऊन खूण करतो, आणि भाव आणखी खाली गेला तर आधीची खूण उचलून नव्या तळाला नेतो. मागे वळून पाहिलं तर तळ नेहमी अचूक. पेरणीच्या दिवशी पाऊस सांगणं आणि दसऱ्याला सांगणं यात जेवढं अंतर, तेवढंच.

हायकेन आशीच्या कँडलवर चाचणी घेणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. ती कँडल सरासरी काढून गुळगुळीत केलेली असते. तिच्यावर दिसणारा भाव बाजारात त्या क्षणी मिळत होताच असं नाही. त्या भावाला खरेदी धरून काढलेला नफा कागदावरच राहतो.

मावसभावाला हे सगळं सांगून पटलं नाही. मग आम्ही एक साधा उपाय केला. त्याचा जुना फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवला आणि सव्वानऊपासून लॅपटॉपची स्क्रीन चित्रित करायला लावली. साडेतीननंतर चार्टवरचे बाण मोजले: सहा, सगळे नेमक्या जागी. रात्री जेवल्यावर व्हिडिओ पळवत पळवत पाहिला. दुपारी दोनपर्यंतच पंधरा बाण आले होते. दोननंतरचं मोजता आलं नाही, फोनची मेमरी भरली होती.